पंपवाले बाबाजी आणि माझी कुपाटी

पाहुणा आला की लोक त्याला आधी पाणी देतात. आमच्या गावचे पंपवाले बाबाजी आधी घमेलं देत. तलावाच्या पाळीवर त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं आणि समोर गाळानं भरलेला गावतलाव. दारात कोणीही आलं, पटवारी असो, सुई टोचणारी नर्सबाई असो की जवळचा सोयरा असो, बाबाजी खाटेवरून न उठता बोट दाखवत. खाली उतरायचं, एक घमेलं गाळ भरायचा, पाळीच्या पलीकडे नेऊन टाकायचा आणि मग येऊन बसायचं. पाणी त्यानंतर मिळे. चहा त्यांनी कोणाला पाजलेला मला आठवत नाही.

माझा मोठा जावई लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडे आला तेव्हा सौंसरच्या बसमधून उतरून पाळीवरूनच चालत आला, कारण वाट तीच. घरी पोचला तेव्हा नवी टेरिकॉटची पँट गुडघ्यापर्यंत काळी. मी विचारलं, पडले की काय? तो म्हणाला, नाही, एका म्हाताऱ्यानं काम सांगितलं, मला वाटलं तुमच्या गावची रीत असेल. रीत मोडू नये म्हणून त्यानं एकाच्या जागी दोन घमेली टाकली होती.

मी तशीच भांडायला निघाले. माझा आवाज चांगला आहे, बोरगावच्या रस्त्यापर्यंत जातो. बाबाजींनी सगळं ऐकून घेतलं. मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाले, "जावई चांगला पाह्यला बाई तुमी. दोन घमेले भरले त्यानं. तुमच्या मालकानं आजवर एक बी नाई भरलं."

ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी मी नवऱ्याला घमेलं देऊन पाळीवर पाठवलं. तो माणूस मुळातच कमी बोलणारा. गेला आणि तिकडेच रमला. माझ्यापेक्षा बाबाजींशी त्याचं जास्त पटू लागलं. दोघंही तासन् तास न बोलता बसू शकत.

बाबाजी मूळचे पांढुर्ण्याचे, जांब नदीच्या काठचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव नदीच्या दोन काठांवर उभे राहून एकमेकांना दगड मारतात, त्या गोटमारीत पोरवयात त्यांनी कपाळावर दगड खाल्ला होता. खोक शेवटपर्यंत दिसायची. ते म्हणत, "दगड मारायले दोन गावं एका दिवसात जमा होते. गाळ काढायले एक गाव दहा वर्षांत जमा होत नाई." हे वाक्य त्यांनी मला निदान शंभर वेळा ऐकवलं असेल. पहिल्या वेळी मला ते शहाणपणाचं वाटलं होतं.

सगळी नोकरी त्यांनी छोट्या लाईनीवर केली. नागपूरहून छिंदवाड्याला जाणाऱ्या त्या छोट्या गाडीचं कोळशाचं इंजिन स्टेशनात येऊन थांबे, त्याला पाणी भरून द्यायचं. त्यासाठी पंप चालवायचा. इतकंच काम. निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थाला जातात, हे आमच्या गावात येऊन तलावाच्या मागे लागले. सांगत, "इंजिनाले पाजलं तेवढं पाणी मी जमिनीच्या पोटातून काढलं. आता जाच्या आधी थोडं वापस ठेवून जातो." मला हा शहाणपणा जास्तीचा वाटे. मीही आयुष्यभर संत्र्याच्या बगिच्यात खुरपलं, पण गवताची माफी मागत फिरले नाही.

त्यांच्या सवयी सांगायच्या तर पुष्कळ आहेत. आंघोळ करायची ती लिंबाच्या रोपावर खाट टाकून, खाटेवर बसून, म्हणजे अंगावरचं पाणी रोपाला जावं. सकाळी उठल्यावर एक बांबू घेऊन तलावात उतरायचे. त्या बांबूवर फुटाच्या खुणा कोरलेल्या. पाणी मोजून यायचे आणि घराच्या भिंतीवर कोळशानं लिहायचे. साडेतीन फूट. सव्वातीन. सगळ्यांशी ते रेल्वेच्या भाषेत बोलत. पाऊस लेट आहे म्हणत, सासरहून मुलगी येणार असेल तर "सिग्नल भेटला का?" म्हणून विचारत. गळ्यात गार्डाची जुनी शिट्टी होती. ती त्यांना कोणी दिली की त्यांनी उचलली, ते मी विचारलं नाही.

त्या शिट्टीनं मला एकदा चांगलं वठणीवर आणलं. सरपंचाच्या घरी गावातला पहिला टीव्ही आला त्या उन्हाळ्यात बाबाजींनी सगळं गाव गाळ काढायला उतरवलं. तलावाच्या तळापासून पाळीपर्यंत बायामाणसांची रांग, हातातून हातात घमेलं. मी हुशारीनं माझ्या जावेच्या आणि चुलत सुनेच्या मध्ये उभी राहिले. का, ते स्पष्टच लिहिते. बौद्धपुऱ्यातल्या बाया रांगेत होत्या आणि त्यांच्या हातचं घ्यायला मला नको होतं. मी एकटीच तशी होते असं नाही, पण मी होते. बाबाजींनी थोडा वेळ पाहिलं आणि शिट्टी वाजवली. "शंटिंग," म्हणाले. शिट्टी वाजली की एकाआड एकानं चार जागा पुढे सरकायचं. तिसऱ्या शिट्टीला माझ्या एका बाजूला बौद्धपुऱ्यातली सारजा होती आणि दुसऱ्या बाजूला तिची सासू. घमेलं घेतलं, दिलं. आभाळ पडलं नाही. त्रास एकाच गोष्टीचा झाला. सारजा माझ्यापेक्षा दुप्पट चपळ होती आणि माझ्यामुळे रांग अडत होती. ती म्हणाली, "काकू, हात चालवा, झोपून राह्यल्या का?" बाबाजी स्वतः त्याच समाजाचे, पण रागावले नाहीत. फक्त पुन्हा शिट्टी वाजवायला विसरले. दिवसभर मी त्या दोघींच्या मध्ये.

गाळापेक्षा मोठं दुखणं बेशरमीचं होतं. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. पाण्याकाठी माणूसभर उंच वाढणारं झुडूप, फुलं जांभळट गुलाबी, पानं कडू. ढोरं तोंड लावत नाहीत, उन्हाळ्यानं मरत नाही, कापून फेकली तर फेकलेल्या जागी फुटते. म्हणूनच लोकांनी तिला हे नाव दिलं. अर्धा तलाव तिनं खाल्ला होता. सुखदेव ढिवर सांगे की त्याच्या बापाच्या काळी इथे हाताएवढी मरळ सापडे, आता डोंगा सरकवायलाही पाणी मोकळं नाही. तलावाचे मासे आणि शिंगाडे पंचायतीकडून त्याच्याकडे होते. शेतीचा तुकडा नव्हता. तो, बायको कौसल्या, चार लेकरं, सगळं तलावावर.

बाबाजींनी बेशरम मुळासकट उपटायला लावली. पण पाणकणीस आणि कमळाला हात लावू दिला नाही. तरण्या पोरांना सगळंच साफ करायचं होतं. बाबाजी म्हणाले, "मंग मासोळी अंडे कुठी घालंन? पंचायतीत?" उपटलेली बेशरम पाळीवर टाकायची नाही, लांबच्या उजाड बरड्यावर नेऊन वाळवायची आणि जाळायची, असा हुकूम होता. तो हुकूम त्यांनी प्रत्येकाला वेगळं बोलावून सांगितला. मला दोनदा सांगितला.

आता माझी गोष्ट. आमच्या घरामागे भाजीची बाडी होती. बाडीला लागून नाला, आणि तो नाला पुढे तलावात जातो. बाडीला कुपाटी, म्हणजे कुंपण, नव्हतं. बोरीचे काटे आणून कुपाटी घालावी तर दर वर्षी हात फाटतात आणि बकऱ्या तरी आत येतात. इकडे बरड्यावर बेशरमीचे ढीग. सरळ, लांब, बिनकाट्याच्या काड्या, बकरी ज्यांना तोंड लावत नाही. सगळ्या फुकट. आणि हे लोक जाळून राहिले.

मी रोज कामावरून परतताना एक भारा डोक्यावर आणू लागले. ती फुटते हे मला माहीत नव्हतं असं नाही. सगळ्या गावाला माहीत होतं. पण मी चौथी पास आहे, डोकं चालवलं. काडीला मूळ फुटतं ते बुडाकडून, म्हणून मी प्रत्येक काडी उलटी गाडली. शेंडा खाली, बूड वर. नवऱ्यानं पाहिलं आणि विचारलं, हे काय करून राहिली? मी त्याला समजावून सांगितलं. तो बिडी ओढायला निघून गेला. मला वाटलं, पटलं.

पावसाळा चांगला झाला. तलाव भरला. बाबाजींच्या भिंतीवर पहिल्यांदाच नऊ फुटाचा आकडा आला. हिवाळ्यात सुखदेवाचे शिंगाडे निघाले, कौसल्या टोपली घेऊन घरोघर फिरली. बगळे आले, पाणकोंबड्या आल्या, मरळही दोन सापडल्या म्हणे. आणि माझी कुपाटी हिरवीगार झाली. उलटी गाडलेली प्रत्येक काडीला कोंब फुटले, ते वर वळले आणि काडी पानं काढून उभी राहिली. मला त्या वेळी आनंदच झाला. इतकी घट्ट कुपाटी गावात कोणाची नव्हती. पुरात तिच्या कितीक फांद्या मोडून नाल्यानं गेल्या, ते मी पाहिलं, पण पाहून सोडून दिलं. उरलेली कुपाटी पुष्कळ होती.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी थोडं उतरलं आणि नाल्याच्या तोंडाशी तलावात बेशरमीचं बेट दिसलं. हिरवं, तरारलेलं. गाव चिडलं. एवढा घाम गाळला तो कशासाठी? ही परत आली कुठून?

विहिरीवर बाया विचारत होत्या आणि मी तिथे होते. पुढचं लिहायला मला आवडत नाही, पण लिहिते. मी म्हणाले, "ढिवरानंच लावली असंन. बेशरम असली का दुसऱ्याचं जाळं चालत नाई. सारे मासे त्याचेच." मी हे विचार करून म्हटलं नव्हतं. तोंडातून निघालं. पण निघालं तेव्हा बरं वाटलं, कारण बायांची तोंडं माझ्याकडून सुखदेवाच्या घराकडे वळली. तीन दिवसांत माझं वाक्य गावभर फिरून माझ्याकडेच परत आलं, तेव्हा त्याला साक्षीदारही उगवले होते. कोणी म्हणे त्याला पहाटे काड्या नेताना पाहिलं.

पंचायतीत ठरावाचं बोलणं सुरू झालं. सुखदेवाकडून तलाव काढायचा आणि बाहेरच्या ठेकेदाराला द्यायचा. तो ठेकेदार आधीच येऊन पाळीवर उभा राहून गेला होता. त्याची पद्धत सगळ्यांना माहीत होती. इंजिन लावून तलाव रिकामा करायचा, चिखलातले मासे वेचायचे, टेम्पो भरून चालते व्हायचं. म्हणजे सुखदेवाचं पोट गेलं आणि बाबाजींचे नऊ फूटही गेले.

सभेच्या आदल्या दिवशी बाबाजी माझ्या बाडीत आले. ते कधी कोणाकडे जात नसत. कुपाटीच्या बाजूनं वरपासून खालपर्यंत चालले, एका काडीला हात लावला, नाल्यात वाकून पाहिलं. मी वांग्याच्या वाफ्यात बसून होते. उठलेच नाही.

"मस्त कुपाटी हाय," ते म्हणाले. "बकऱ्या येत नसतीन."

"नाई येत."

"उद्या सभा हाय. लोक म्हणून राह्यले सुखदेवानं लावली. तुमाले काय वाटते?"

मी म्हटलं, "मले काय मालूम बाबाजी."

"बरोबर हाय," ते म्हणाले. "ज्याले मालूम नाई त्यानं बोलूच नाई." आणि निघून गेले. पाणीही मागितलं नाही.

मला वाटलं, सुटले. मग वाटलं, त्यांना कळलं आहे. मग वाटलं, कळलं असतं तर ओरडले असते. भाजी करपली. नवरा समोर बसून जेवला, काही बोलला नाही, पण तो कधीच बोलत नसे, त्यामुळे त्यावरून काही समजत नव्हतं.

सभा शाळेच्या ओसरीत भरली. बाया एका बाजूला, माणसं दुसऱ्या बाजूला. सुखदेव मध्ये उभा. त्याला चारचौघांत बोलता येत नसे. तो एवढंच म्हणाला, "मी नाई लावली. जी बेशरम तुमी उपटली, त्यातली अर्धी मी अन् कौसल्यानं उपटली. आपल्याच हातानं कोण लावंन?" मागून कोणी म्हणालं, मग काय ती पायानं चालत आली? लोक हसले. कौसल्या माझ्या समोरच बसली होती, धाकटं पोर मांडीवर. ती हसणाऱ्यांकडे पाहत नव्हती. जमिनीकडे पाहत होती.

सरपंचानं कागद वाचायला घेतला. कागद हिंदीत होता आणि सरपंच अडखळत वाचायचा, म्हणून मला वेळ मिळाला. नाहीतर मी उठले असते की नाही, सांगता येत नाही.

मी उठले. म्हटलं, "कागद ठेवा. ते बेशरम माही हाय."

सरपंच म्हणाला, "बस काकू, मधात बोलू नोको."

"माही हाय म्हणते ना. माह्या बाडीची कुपाटी बेशरमीची हाय. पुरात मोडली अन् नाल्यानं तलावात गेली. सुखदेवाचं नाव मीच काढलं, विहिरीवर. तो खोटा नाई. मी खोटी हाव."

मग एका म्हाताऱ्यानं विचारलं, "अवो, पण बेशरम फुटते हे तुले मालूम नव्हतं?"

"मालूम होतं. म्हणून तं उलटी लावली."

आधी एकच जण हसला. मग सगळी ओसरी. सरपंचाच्या हातातला कागद हलायला लागला. लोक हसता हसता डोळे पुसत होते. उलटी! शाळेतली पोरं खिडकीतून ओरडू लागली. सभा तिथेच मोडली आणि अर्धं गाव माझी कुपाटी पाहायला बाडीकडे निघालं. वांग्याचे वाफे तुडवले गेले. ठरावाचा कागद सरपंचानं घडी घालून खिशात ठेवला, तो परत निघाला नाही. तलाव सुखदेवाकडेच राहिला.

कुपाटी आणि नाल्यातलं बेट मला उपटावं लागलं. मी एकटीनं उपटते म्हटलं, पण दुसऱ्या दिवशी सगळे आले. रांगेत कौसल्या नेमकी माझ्याशेजारी. ती माझ्याशी बोलली नाही. त्या दिवशीही नाही आणि पुढची दोन वर्षंही नाही. घमेलं मात्र हातात देत होती, जरा जोरानंच. मला ते योग्य वाटलं.

काम संपल्यावर मी बाबाजींकडे गेले. खरं सांगायचं तर मला चार चांगले शब्द ऐकायचे होते. गावासमोर नाक कापून घेतलं होतं, त्याचं कोणी काहीतरी म्हणावं असं वाटत होतं. बाबाजी भिंतीवरचे जुने आकडे ओल्या फडक्यानं पुसत होते.

मी विचारलं, "बाबाजी, तुमाले पहिलेच मालूम होतं ना? मंग माह्या भरोशावर काऊन सोडलं?"

ते वळले. त्यांना खरोखरच नवल वाटलेलं दिसलं.

"भरोशावर? कोणाच्या, तुमच्या?" ते म्हणाले. "बाई, नऊ फूट पाणी होतं ते. मी दोघं बसवले होते ना मांगं. तुमच्या कुपाटीच्या काड्या देऊन, मुळासकट. सरपंचानं सहीले पेन काढला असता का ते उठले असते."

"कोण दोघं?"

"एक सारजा. अन् दुसरे तुमचे मालक. काड्या त्यायनंच आणून देल्या."

मी घरी आले. नवरा जेवायला बसला होता. मी भाकर वाढली आणि विचारलं, हे खरं आहे का? त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला, खाल्ला.

"हो," तो म्हणाला. "तू उठशीन, असं मले नव्हतं वाटलं."

माझ्या नातवंडांना मी ही गोष्ट पुष्कळदा सांगितली आहे, पण सभेत मी उठले तिथपर्यंतच. त्या दिवशी मी नवऱ्याला दुसरी भाकर वाढली नाही. त्यानं मागितलीही नाही.